आपल्या भाषेतला सेतुराम

वत्सलाबाईंचं निम्मं आयुष्य टाइपरायटरपुढं गेलं. कुंभकोणमच्या बाजारातल्या टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये त्या मुलींना शिकवायच्या. नवरा ऐन तारुण्यात गेला, मागं राहिली एकुलती एक भवानी. मायलेकी जवळच्या साक्कोट्टै गावाहून एकाच बसनं यायच्या. आई इन्स्टिट्यूटमध्ये, लेक कॉलेजात. बाई तशा खमक्या. भर गर्दीत कंडक्टरसुद्धा त्यांना मुकाट्यानं जागा करून द्यायचा.

१९९९ साली मालक त्यागराजनं मागच्या खोलीत कॉम्प्युटर बसवले आणि दारावर ‘ब्राउझिंग सेंटर’ अशी पाटी ठोकली. पाटीखाली वर्तमानपत्राचं कात्रण: देशात इंटरनेट वापरणारे किती झाले, पुढल्या वर्षी किती होतील. मोठमोठे आकडे बघून माणूस हुरळतोच. बाईही हुरळल्या. बोटं तयारच होती, मेल लिहायला शिकायला कितीसा वेळ लागणार?

तिथं त्यांना इंटरनेटवर एक पान सापडलं. तंजावरकडची, जगभर पांगलेली मराठी माणसं त्यावर इंग्रजी अक्षरांत आपली घरची बोली लिहीत होती. ही बोली मराठ्यांच्या अमदानीत इथं आलेल्या घरांनी चुलीपाशी जपलेली. उंबरा ओलांडला की तमिळ. शाळेत ती शिकवत नाहीत, बाजारात ती ऐकू येत नाही. म्हणून ती ज्याच्या तोंडी, तो आपल्या नात्यागोत्यातला, असं ही मंडळी डोळे मिटून धरून चालतात. चोरानं घरात शिरून या बोलीत ‘अक्का’ म्हटलं, तर त्यालाही आधी पाट मांडतील आणि कॉफी देतील!

बाईंनीही त्या पानावर चार ओळी लिहिल्या, आणि सेतुराम नावाच्या माणसाची मेल आली. “बरी अहेस की, अक्का? मी अमेरिकेंत अहे. घरचे बोलणे ऐकून फार वर्षे झाली.”

बाई विरघळल्या. रोज लिहू लागल्या. भवानीसाठी स्थळ बघतेय म्हटल्यावर त्यानं आपल्या भाच्याचं नाव काढलं. फोटो मागितला, बाईंनी पाठवला. कॉलेज कोणतं, बस कोणती, कोणत्या दिवशी ती एकटी परत येते, सगळं सांगून मोकळ्या झाल्या. एरवी हीच बाई परक्याला स्वतःचं नावही सहज सांगायची नाही.

मग एका सकाळी त्यानं लिहिलं: “काल हिरव्या दावणींत भवानी फार शोभत होती, अक्का. तिची बस चुकली. दुसरी येईपर्यंत मी पाहत उभा होतो.”

हिरवी दावणी, परकरावर नेसायची ती अर्धी साडी, खरी होती. चुकलेली बसही खरी होती. माणूस अमेरिकेत नव्हता, इथंच बसस्टॉपवर होता. आणि याहून वाईट विचार पाठोपाठ आला. ही बोली येणारी घरं गावात मोजकीच, आणि त्या प्रत्येक घरात त्या हळदीकुंकवाला जाऊन आलेल्या. म्हणजे तो ओळखीचाच होता.

त्या पोलीस ठाण्यात गेल्या. इन्स्पेक्टर भला माणूस, त्यानं बसायला खुर्ची दिली. पण तो तरी काय करणार? “अम्मा, कॉम्प्युटरवरचा असा एकही गुन्हा आमच्याकडे आजवर नोंदलेला नाही,” तो म्हणाला. “तुम्हाला कुणी हात लावला का? घरात शिरलं का?” नाही म्हणताना बाईंना रडू फुटलं. लाखांचे आकडे छापणाऱ्यांनी त्यांच्यासारख्या बायकांना मोजलंच नव्हतं.

भवानीला त्यांनी घरात कोंडल्यासारखं ठेवलं. दुधवाल्यानं हाक मारली तरी दचकायच्या. तेवढ्यात आपल्या लोकांच्या मठातली आराधना, स्वामींची पुण्यतिथी, आली. तिथं न जावं तर दहाजण चौकशीला घरी येणार. ते तर नकोच, म्हणून लेकीचा हात धरून गेल्या.

केळीच्या पानांवर सगळी आपली माणसं बसली होती. एकानं जाता जाता विचारलं, “भवानी कालेजाला येत नाही की?” साधाच प्रश्न. पण बाईंचा धीर सुटला. पंगतीपुढं उभं राहून त्या घरच्या बोलीत म्हणाल्या, “आपल्यांतला कोणी माझ्या लेकीच्या मागें लागला अहे. तो येथेंच जेवत अहे. मला फार भय वाटते.”

हात पानांवरच थांबले. कुणी कुणाकडं बघेना. अखेर मठातले वडीलधारे रघूत्तममामा खालच्या आवाजात म्हणाले, “वत्सला, आपलेच दांत, आपलेच ओठ. बैस, जेवण होऊ दे.”

आणि जेवण पुढं चालू झालं. भवानी अर्ध्या पानावरून उठली, तिच्यामागं बाई.

दुसऱ्या दिवशी इन्स्टिट्यूटमध्ये मेल वाट बघत होती. “काल सर्वांपुढें कशाला बोललीस, अक्का? पोरगी उपाशी उठली. मला जेवण गोड लागले नाही.”

बाईंनी एवढं वाचलं आणि तशाच निघाल्या. सोबत शिकवणाऱ्या अलमेलूची बहीण सेलमला राहायची, परक्या जातीची, परक्या भाषेची. दुपारच्या बसनं त्या भवानीला तिकडं घेऊन निघाल्या. आपल्यातल्या एकालाही गावाचं नाव सांगितलं नाही. बस स्टँडवर उभी होती तोवर खिडकीखालून तऱ्हेतऱ्हेचे अनोळखी पुरुष गेले, त्यांचं बाईंना काही वाटलं नाही. मग गर्दीतून आपल्यातलेच, कालच्या पंगतीतले जानकीराम भावोजी हसत, हात हलवत येताना दिसले, आणि बाईंनी लेकीचं डोकं खिडकीखाली दाबून धरलं.