उलटी लागलेली फळी

आमच्या ऑफिसात तिला सगळे सुतारीण म्हणतात. लहान मुलांच्या गेमसाठी आम्ही कॉम्प्युटरवर चित्रं रंगवतो, आणि लाकूड रंगवावं तर तिनंच. बाप सुतार होता, त्यामुळे हॉटेलात गेली तरी चहाआधी टेबलाच्या कडेवरून नख फिरवते. "वरून कागद चिकटवलाय, आत नुसता भुसा," असं वेटरच्या देखत सांगते. चित्रात आधी सपाट तपकिरी रंग देते, मग लांबच लांब रेघा. गाठ आली की रेघा तिला वळसा घालून जातात, वाटेत पाहुणा झोपलेला असावा तशा. बघणाऱ्याचा हात आपोआप स्क्रीनकडे जातो. माझाही एकदा गेला होता. मी तो केसांतून फिरवून वेळ मारून नेली.

हो, जळतो मी तिच्यावर. अकरा वर्षं इथं खुर्ची झिजवली, आणि ही दोन वर्षांत येऊन माझ्या डोक्यावर मिऱ्या वाटणार? नव्या गेमच्या पहिल्या स्क्रीनवर एक लाकडी दार हवं होतं. आम्ही दोघांनी एकेक रंगवलं. ज्याचं निवडलं जाईल तो विभागाचा प्रमुख, असं आमच्या बॉस मॅडमनी आधीच सांगून टाकलं होतं.

तिचं दार सगळ्यांसमोर मोठ्या स्क्रीनवर लागलं आणि मी त्यात खोट शोधायला लागलो. मग शेजारच्या दोन फळ्यांवर मला समोरासमोर दोन गाठी दिसल्या, अगदी जुळ्या.

"मॅडम, ही गाठ उचलून चिकटवलीय," मी म्हणालो.

"चिकटवली नाही," ती म्हणाली. "एकच ओंडका मधोमध चिरून वहीसारखा उघडला की दोन्ही पानांवर तीच गाठ येते. बाबा मुख्य दाराला अशाच फळ्या लावायचे."

"असेल गं," मॅडम म्हणाल्या, "पण बघणाऱ्याला नक्कल वाटली तर? दादांचं दार घेऊ."

चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते खोटं नाही. नक्कल माझ्या दारात होती. माझी चौथी फळी म्हणजे पहिलीच, ओळखू येऊ नये म्हणून खालची बाजू वर केलेली.

जेवणाच्या सुट्टीत ती माझ्या खुर्चीमागे येऊन उभी राहिली. "दादा, चौथीचा शेंडा खाली गेलाय आणि बुडखा वर. झाड उलटं उभं राहिलंय. बाबांकडून असं झालं असतं तर लावलेलं दार उतरवलं असतं त्यांनी." मग आवाज खाली आणून म्हणाली, "सरळ करून टाका. मी नाही कुणाला सांगत."

सरळ करू कशी? सरळ केली की पहिली आणि चौथी जुळी दिसणार. नवी रंगवावी, तर पहिलीनंच माझे पाच दिवस खाल्ले होते, आणि दार संध्याकाळी पाठवायचं होतं.

दार तसंच गेलं. मी प्रमुख झालो. अभिनंदन करायला सगळ्यांत आधी तीच आली. सहा महिने झाले, त्या फळीबद्दल तिनं तोंडातून चकार शब्द काढलेला नाही. काढला असता तर बरं झालं असतं. निदान चहाडखोर म्हणून तिला नावं तरी ठेवता आली असती.