न सांगता कळणारा नवरा

ऊर्जानगरच्या क्वार्टरमधल्या बायका हर्षाचा हेवा करायच्या. तिचा नवरा राजदीप वीज केंद्रात तंत्रज्ञ. दारूला शिवायचा नाही, आवाज चढवायचा नाही, आणि बायकोच्या मनातलं ओळखायचा. एका उन्हाळ्यात हर्षाला टेंभरं, तेंदूची ती पिवळी रानफळं, खावीशी वाटली. घरात ती कोणाला काही बोलली नव्हती. संध्याकाळी राजदीप ड्युटीवरून आला तो टेंभराची पिशवी घेऊनच. कधी मूल गावी राहणाऱ्या आईच्या आठवणीनं जीव कासावीस व्हायचा, तर त्याच रविवारी हा म्हणायचा, "चाल, मूलला जाऊन येऊ." विहारात भेटणाऱ्या बायकांना ती सांगायची, "आमच्या यायले न सांगता समजते बाई."

सांगताना तिचा चेहरा उजळायचा. मिरवावं असं तिच्याकडे दुसरं फार उरलंही नव्हतं. लग्नाआधी ती चंद्रपूरला एका दवाखान्यात नर्स होती. साक्षी झाली आणि नोकरी सुटली. "पोरगी मोठी होऊ दे, मग पाहू," राजदीप म्हणाला होता. पोरगी पाचवीत गेली तरी ते 'मग' काही आलं नाही. मध्यंतरी दूर रानातल्या एटापल्लीला, सरकारी दवाखान्यात कंत्राटी नर्सची जागा निघाली. हर्षानं कोणाला न सांगता घरच्या कॉम्प्युटरवरून अर्ज भरला. बोलावणं आलं की नवऱ्याला सांगू, असं तिनं ठरवलं होतं. बोलावणं आलं नाही. 'इतकी वर्षं घरी बसलेल्या बाईले कोण घेते?' असं मनाशी म्हणून ती पुन्हा भाकरी थापू लागली.

कॉम्प्युटर करोनाच्या काळात साक्षीच्या शाळेसाठी घेतलेला. दुपारी घर रिकामं झालं की हर्षा त्यावर बसून रुखमाला ईमेल लिहायची. रुखमा तिची नर्सिंगची मैत्रीण, आता नागपूरला असते. तिच्यापाशी हर्षा सगळं मोकळं करायची.

मग कॉम्प्युटर कुंथायला लागला. साक्षीनं कुठून कुठून फुकटचे गेम उतरवले होते. पडद्यावर जाहिराती फुटायच्या, 'तुमच्या संगणकात व्हायरस आहे, येथे दाबा' अशा लाल पाट्या नाचायच्या. हर्षानं रंजीताला बोलावलं. रंजीता धानोऱ्याकडच्या गोंड घरातली. जवळच्याच दुर्गापूरला कॉम्प्युटर क्लास चालवायची, हर्षाशी तिची चांगली ओळख होती.

"त्या पाट्यांवर कधीच दाबायचं नाई ताई," ती खुर्ची ओढत म्हणाली. "तेच खरे चोर. अन् विकतचं काही घ्यायची गरज नाई. विंडोजमधलं अँटिव्हायरस पुरते. फक्त ते चालू पाहिजे, ताजं पाहिजे."

तिनं ते अद्ययावत करून पूर्ण तपासणी लावली. दोघींचा चहा झाला तोवर गेमांसोबत आलेली घाण सापडली, ती तिनं काढून टाकली. मग सेटिंग्ज चाळता चाळता ती थांबली.

"ताई, इथी अँटिव्हायरसले एक फोल्डर तपासू नको म्हणून सांगून ठेवलं हाय. हे तुम्ही केलं?"

"मले तर त्यातलं काईच समजत नाई."

रंजीतानं हेरगिरीचे प्रोग्राम शोधणारं आणखी एक फुकटचं सॉफ्टवेअर उतरवलं आणि तो फोल्डर त्याच्यापुढे धरला. उत्तर लगेच आलं. रंजीतानं पडदा हर्षाकडे वळवला.

"हा प्रोग्राम तुम्ही दाबलेलं एकेक अक्षर टिपून ठेवते. गेमासोबत आलेला नाई हा. कोणीतरी बसून टाकला, अन् सापडू नये म्हणून लपवला."

घरात कॉम्प्युटरला हात लावणारी माणसं तीन. त्यातली एक दहा वर्षांची.

रंजीतानं आवाज उतरवला. "काढू का? पण काढलं की त्याले कळन. घरी काही... हात उचलतात का?"

"नाई गं," हर्षा म्हणाली. "कधीच नाई." आणि बोलता बोलता तिला टेंभरं आठवली. मूलची ती अचानकची फेरी आठवली. ती तशीच उठून मोरीत गेली.

"आज राहू दे," बाहेर येऊन ती म्हणाली. "आधी मले त्यायले विचारू दे."

संध्याकाळी साक्षी खेळायला खाली गेली होती. राजदीपनं बूट काढले, चहाचा कप हातात घेतला.

"अजी, कॉम्प्युटरमध्ये मी लिहिलेलं वाचता का तुम्ही?"

तो नाही म्हणाला असता, तर कदाचित तिनं विश्वासही ठेवला असता. पण राजदीपला तोंडावर खोटं बोलता येत नसे. कप खाली ठेवून, फरशीकडे बघत त्यानं होकारार्थी मान हलवली.

"कधीपासून?"

"कॉम्प्युटर आणला तेव्हापासून." त्याचा आवाज बसला होता. "तू रुखमाले सगळं लिहायची. मले काई सांगायची नाई. मले वाटे, एक दिवस ही उठून चालली जाईन अन् मले कारणबी समजणार नाई. म्हणून. तुझ्या सुखासाठीच वाचत होतो. जे लागलं ते आणून देल्लं का नाई?"

"अन् एटापल्ली?"

तो उठून खिडकीशी गेला.

"तुझ्या ईमेलवर बोलावणं आलं होतं," तो म्हणाला. "मीच तुझ्या नावानं कळवलं, येऊ शकत नाई म्हणून. अन् ते पत्र पुसून टाकलं."

हर्षा ओरडली नाही. "मले वाटलं, मीच त्या कामाच्या लायक नाई राह्यली," एवढंच म्हणाली आणि पदर तोंडाला लावून भिंतीशी बसली. राजदीप रडत होता. तिला त्याची दया आली, आणि त्या दयेचाच तिला संताप आला.

दुसऱ्या दिवशी रंजीतानं तो प्रोग्राम उपटून काढला, पुन्हा पूर्ण तपासणी केली. हर्षाचे पासवर्ड मात्र तिनं स्वतःच्या मोबाइलवरून बदलायला लावले, घरच्या मशीनवर अजून भरवसा नको म्हणून. कॉम्प्युटर नव्यासारखा पळू लागला. पण हर्षाला त्यावर एक ओळ लिहवेना. रुखमाला पत्र सुरू केलं की बोटं थांबायची. राजदीपनं गजरा आणला तर ती विचारात पडायची, हे मी कोणापाशी बोलले होते? तो बिचारा आता काही आणतानाही घाबरायचा. एकाच ताटावर बसून दोघं परक्यासारखे जेवायचे.

पुढच्या भरतीत हर्षानं उघडपणे अर्ज केला. एटापल्लीलाच तिची निवड झाली. साक्षीला घेऊन ती निघाली, त्या दिवशी राजदीपनं स्वतः सामान बसवर चढवलं, साक्षीला मांडीवर घेऊन बस सुटेपर्यंत बसला. "मी थांबवणार नाई," एवढंच तो म्हणाला.

आता ती तिथल्या दवाखान्यात प्रसूती कक्षात असते. सूरजागडच्या लोहखाणीकडून येणाऱ्या ट्रकांची लाल धूळ खिडकीच्या गजांवर साचते. रानातल्या गावांतून बाया येतात, त्यांच्याकडून ती थोडी थोडी गोंडी शिकते. साक्षीला इथली शाळा आवडत नाही. बाबांची आठवण आली की ती जेवत नाही, आणि तेव्हा हर्षाला आपणच गुन्हेगार आहोत असं वाटतं.

परवा राजदीपचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झालं, मग त्यानं विचारलं, "परत येशील का, हर्षा?"

"माहीत नाई मले," ती म्हणाली. खरंच तिला माहीत नव्हतं. आतून कोणी कळा देत ओरडत होतं. तिनं फोन दवाखान्याच्या बाकावर अभ्यास करत बसलेल्या साक्षीकडे दिला आणि हातमोजे चढवत आत गेली.