भिंतीला पाठ लावून बसणारे फौजी

हे सांगायचं मी कितीतरी वर्षं टाळलं. ताडकळसच्या माझ्या दवाखान्यात एक निवृत्त फौजी यायचे. भिंतीला पाठ लावून, दाराकडं तोंड करूनच बसायचे.

"लय धडधडायलंय, डॉक्टरसाब. आता मरतोच बघा."

मी सलाईन लावायचो आणि सगळ्यांदेखत हसायचो, "गॅस हाय! फौजी असून भ्यायलाव का?"

ते यायचे बंद झाले. पुढं परभणीच्या मानसोपचारवाल्या बाईंनी ओळखलं, की लढाईचा धसका आणि अचानक येणारे घबराटीचे झटके असे दोन आजार आहेत. दोन्हींवर एकत्र उपचार सुरू झाले. श्वास सांभाळत ते लढाईची आठवण करून देणारे मोठे आवाज थोडे थोडे सोसायला शिकले.

काल त्यांच्या लेकीची वरात होती, मलाही बोलावणं होतं. फटाक्यांची माळ पेटली आणि मी आधी त्यांच्याकडं बघितलं. फौजी थरथरले, पोटावर हात ठेवून लांब श्वास सोडत राहिले. पण हलले नाहीत! पाठीशी भिंत नाही, रस्त्याच्या मधोमध उभे!

मी गर्दीतून धावलो.

"बघितलं का, साब? भ्यालो, पण पळालो न्हाई! लावा रे अजून एक!"

"फौजी, मला माफ..."

दुसरी माळ कडाडली, आणि त्यांनी मला हाताला धरून नाचायला ओढलं.