अठ्ठावन्न सालची चिखलातली धाव

ऑर्विल टेस्कीवर मी लिहावं, इतका काही मी त्याला ओळखत नव्हतो. हिवाळ्यात तो रस्त्यांवरचा बर्फ हटवणारी गावाची गाडी चालवायचा, आणि तरुणपणी आमच्या कॉलेजच्या संघातून फुटबॉल, म्हणजे चेंडू काखेत धरून पळायचा तो अमेरिकन खेळ, खेळला होता, एवढंच मला ठाऊक.

१९५८च्या नोव्हेंबरातला शेवटचा सामना चिखलात झाला. मैदानाच्या वर निवेदकाच्या खोलीत बसून, दुर्बीण लावून चेंडू कोणाच्या काखेत आहे ते त्याला सांगायचं काम माझ्याकडे होतं. एक जण एक्क्याण्णव यार्ड पळत थेट रेषेपार गेला. पाठीवर तीनचा आकडा दिसत होता, पुढचा चिखलाने भरलेला. मी तेहेतीस म्हणालो. तेहेतीस म्हणजे लायल ब्रँडवोल्ड, सगळ्यांचा लाडका. ऑर्विलचा अडतीस.

लायलचं नाव विक्रमांच्या पुस्तिकेत गेलं, व्यायामशाळेत पितळी पाटी लागली. ऑर्विलने तेव्हा ते हसण्यावारी नेलं म्हणे. पुढे दरवर्षी ती पुस्तिका काढायचं काम माझ्याच हाती आलं.

चाळीस वर्षांनी ऑर्विल कॉलेजातल्या माझ्या कचेरीत आला. टोपी काढून उभाच राहिला. ती धाव आपली, असं त्याने घरी सांगितलेलं; आता मुलीने, मार्लिसने, पुस्तिकेत लायलचं नाव वाचलं होतं, म्हणाला. त्या दिवशी तुम्ही पळालात की चिखल, असं ती आधीपासून चेष्टेने विचारायची.

"चेष्टेची सवय आहे मला. परवा तिने चेष्टा केली नाही रे. नुसती माझ्याकडे बघत राहिली."

त्या सामन्यात आमच्याविरुद्ध खेळलेल्या कॉलेजला मी पत्र घातलं. त्यांच्याकडे सामन्याची फिल्म होती. ती आल्यावर मी दार लावून एकट्याने पाहिली. रेषेजवळ तो वळतो, तेव्हा आठचा आकडा स्वच्छ दिसतो.

लायल त्याच वसंतात वारला होता. त्याच्या मयतीला या धावेचं वर्णन वाचून दाखवलं होतं. शिवाय चूक माझी होती. मी ऑर्विलला सांगितलं की फिल्म काळपट आहे, काही कळत नाही.

"बघितलंस, हेच खूप," तो म्हणाला.

फिल्म मी परत पाठवली. पुस्तिका पुढच्या वर्षीही तशीच निघाली.

जानेवारीत तो पोस्टाच्या दारात भेटला. खोकत होता. फेब्रुवारीत गेला. पोस्टाच्या दारात त्या दिवशी फिल्मचं खरं सांगून टाकावं असं मनात आलं होतं, पण त्यानेच आधी विचारलं, गाडी घेऊन आलायस का. मी हो म्हणालो.

"मग पुलावरून नको जाऊस. तिथला बर्फ अजून साफ केला नाहीये."

"बरं," मी म्हणालो.