रिपीट नसलेल्या रेघा

नाना गेल्याचा फोन आला तेव्हा मी त्याच्यावर चिडलेलीच होते. दोनच दिवसांपूर्वी, रविवारी सकाळी, मी नेहमीसारखा फोन करून नेहमीचंच विचारलं होतं, वाढदिवसाला दिलेली वही उघडलीस का? तो म्हणाला, "बघू." नऊ वर्षं हे 'बघू' ऐकून माझं डोकं फिरलं होतं. "तुनासंगे बोलामा काही अर्थ नही!" म्हणत मी फोन आपटला. मंगळवारी वहिनीने कळवलं, झोपेतच गेला... दीड महिना झाला. राग जागचा हललेला नाही, फक्त तो आता कुणावर काढायचा ते कळत नाही.

नाना माझा थोरला भाऊ. आम्ही धुळ्याकडचे, तो आधी सुरतेला आला, मग त्याच्यामागे मी. पांडेसऱ्यातल्या एका प्रिंटिंग मिलमध्ये तो साड्यांची डिझाइनं 'रिपीट'ला बसवायचा. म्हणजे असं, की छापताना नक्षीची उजवी कड डावीला आणि वरची खालचीला अशी जुळली पाहिजे, की कापडाच्या अख्ख्या ताग्यात सांधा दिसता कामा नये. आठ-आठ रंग आणि हजारो कोयऱ्या. कामावरून डिंडोलीच्या घरी आला की हातपाय धुऊन तो खिडकीशी बसायचा, पाठकोरा कागद मांडीवर घ्यायचा आणि काळ्या बॉलपेनने रेघा ओढायला लागायचा. ना फूल, ना पान. ठिपके, त्यांच्याभोवती वळसे, वळशांत जाळी. काही जागा गच्च काळ्या, काही मुद्दाम पांढऱ्या सोडलेल्या. पुढची रेघ कुठे जाणार ते त्यालाही ठाऊक नसायचं. पाचेक मिनिटांत त्याचे खांदे खाली यायचे, कपाळावरची आठी जायची, चहा निवून जायचा. मी चिडवायची, "काय भेटस तुले ह्यामा?" तो मान वर न करता म्हणायचा, "काहीच भेटत नही, म्हनीसनच तं बसस."

हे मला तेव्हा कळायला हवं होतं. पण मी पडले मास्तरीण. कुणी काही बरं करताना दिसलं की त्याला स्पर्धेत उतरवायचं, एवढंच मला येतं. माझ्या वर्गातल्या एका मुलीचे वडील कापडाचे व्यापारी. नानाला न विचारता त्याचा एक कागद मी त्यांना दाखवला. "बेन, आ तो बहु सरस छे," म्हणून ते घेऊन गेले. नानाला आश्चर्याचा धक्का द्यायचा म्हणून मी मूग गिळून बसले. तेही नेमके त्याच्याच मिलमध्ये छपाईला गेले, आणि कागद आला तो नानाच्याच टेबलावर. सोबत निरोप, सहा रंग घाला, रिपीट बसवा. नाना कुणाला काही बोलला नाही. आपल्याच रेघा त्याने कापल्या, कडा जुळवल्या, पांढऱ्या जागांत पोपटी आणि राणी रंग भरला. मला यातलं काही माहीत नव्हतं. भाऊबीजेला त्या व्यापाऱ्यांकडून आणलेल्या त्याच कापडाचा ड्रेस शिवून मी मोठ्या तोऱ्यात ओवाळायला उभी राहिले. पाटावर बसलेला नाना माझ्या बाहीकडे बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "रिपीट बराबर बसना ना? मीच बसाडा."

त्यानंतर त्याच्या हातात ते पेन मला कधी दिसलं नाही. मी माफी मागितली, रडले, मग रागावले. वह्या नेऊन दिल्या, भारीतली पेनं नेऊन दिली. माझ्या कडोदऱ्याच्या घरून दर रविवारी फोन करून अर्धा-अर्धा तास त्याचं डोकं खाल्लं. एवढी काय ती जिद्द माणसाची! एका ड्रेसपायी स्वतःचा विसावा बंद करायचा? तो ऐकून घ्यायचा. मध्येच "हं" म्हणायचा, तेही उशिरा.

तेराव्यानंतर वहिनीने कपाटातून एक कापडी पिशवी काढून माझ्यापुढे ठेवली. आत लग्नपत्रिकांची रिकामी पाकिटं होती, शेकड्यांनी. प्रत्येकाच्या पाठीवर वळसे, जाळ्या, गच्च काळं आणि मुद्दाम सोडलेलं पांढरं... वहिनी सुरतेतच वाढलेली, सरळ बोलते. म्हणाली, "ताई, तुमचा फोन आला की ते स्पीकरवर टाकायचे आणि पेन शोधायचे. दर रविवारी. तुम्ही बोलत राहायच्या, ते काढत राहायचे. तुम्हाला नाही सांगायचं, असं बोललेले."

मला हसू आलं आणि संतापही आला. नऊ वर्षं मी ज्यासाठी भांडले ते माझ्या भांडणातच चाललं होतं, आणि मलाच पत्ता नव्हता! सवयीने फोटो काढायला मोबाईल हातात घेतला, शाळेच्या ग्रुपवर टाकायला. मग पर्समध्ये ठेवून दिला.

सगळ्यात वरचं पाकीट मी वहिनीकडून मागून आणलं. ते त्या शेवटच्या रविवारचं. डावीकडून सुरू झालेली जाळी दाट होत मधोमध आली आहे, तिथून एक वळसा उजवीकडे निघाला आहे आणि अर्ध्यात थांबला आहे. पुढचं सगळं पाकीट कोरं आहे. फोन मीच आपटला होता.