रंगकामागणिक चढलेलं पाणी

आमच्या कोल्टर्स बेंड गावात पासष्ट सालच्या पुराचं पाणी आलं एकदाच, पण चढलं तीनदा. पहिल्यांदा नदीने चढवलं. पुढच्या दोन्ही वेळा लोवेलने.

लोवेल स्टेन्सरूड आमच्या गावचा न्हावी. त्याचं दुकान आणि माझी खाणावळ यांच्यामध्ये एकच भिंत. पासष्टात तो चोवीस वर्षांचा होता, दुकान नुकतंच हातात आलेलं. सगळं गाव टेकडीवरच्या चर्चमध्ये पळालं, हा मात्र स्टुलावर चढून, वस्तरे डोक्यावर धरून रात्रभर उभा राहिला. पाणी ओसरल्यावर त्याने दाराजवळच्या फळीवर रेघ मारली आणि खाली तारीख लिहिली. जन्मात सांगण्यासारखं एवढंच घडलं बिचाऱ्याच्या. लग्नसुद्धा झालं नाही.

रेघ तेव्हा खुर्चीच्या बैठकीशी होती. बहात्तर साली दुकानाला रंग दिला, फळी काढली, परत लावली ती फूटभर वर. चौऱ्याऐंशीला पुन्हा रंग, पुन्हा एक फूट. रेघ त्याच्या छातीशी आली. गोष्टही त्या बेताने वाढत गेली. आधी हातात नुसते वस्तरे होते, पुढे एक मांजर आलं, मग त्या मांजराला पिल्लंही झाली. नवं गिऱ्हाईक दिसलं की स्वारी स्टुलावर चढून सगळं करून दाखवायची.

मला खरं ठाऊक होतं, कारण माझ्या केकच्या कपाटामागे त्याच भिंतीवर जुन्या पाण्याचा डाग अजून आहे. माझ्या मांडीशी. पण मी कधी ब्र काढला नाही. समोरच्याला तोंडावर खोटारडा म्हणायची आमच्याकडे रीत नाही. त्यापेक्षा आम्ही घर विकून दुसऱ्या गावी राहायला जाऊ. झाकली मूठ सव्वा लाखाची.

पासष्टनंतर छत्तीस वर्षांनी, एप्रिलात, नदी पुन्हा फुगली. जिल्ह्याहून एक पोरगेला इंजिनियर आला. पाणी पासष्टइतकं येईल, म्हणाला, चार दिवसांत. मग त्याने विचारलं, "पासष्टला इथे कुठवर आलं होतं?" सरकारी मोजपट्टी त्याच पुरात वाहून गेलेली. सगळं गाव माझ्या खाणावळीत जमलं होतं. सगळ्यांनी माना वळवल्या त्या लोवेलच्या दुकानाकडे.

इंजिनियर शेजारी जाऊन फळीवरून माप घेऊन आला. "बाप रे," तो म्हणाला, "एवढं?"

मी लोवेलकडे पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला होता. मला वाटलं, आता बोलेल. मग वाटलं, दुसरं कोणीतरी बोलेल. अर्डिस, चर्चच्या स्वयंपाकघराची मालकीण, तोंडाने फटकळ बाई. तीसुद्धा कॉफीत चमचा फिरवत बसली. नाक्यावरचे चार म्हातारे छताकडे पाहत होते. मी स्वतः काय केलं? टेबल पुसलं. चांगलं दोनदा पुसलं.

झालं. नदीकाठच्या रस्त्यावर वाळूच्या पोत्यांचा बांध घालायचा ठरला, थेट फळीच्या उंचीचा.

तिसऱ्या दिवशी दुपारी लोवेल मागच्या दाराने माझ्याकडे आला. हातांना फोड आलेले, पाठ वाकलेली.

"डार्लीन, ती फळी..."

"काय झालं फळीला?"

"दोन फूट वर आहे. मीच लावली."

"असं का," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

"बाहेर बघ. अर्डिसचा खुब्याचा सांधा बदललाय, तरी खोऱ्याने वाळू भरतेय. खरी उंची कालच झाली. वरचे सगळे थर माझ्या फुशारकीचे आहेत. कुणी मेलंबिलं तर?"

"मग जा, सांग त्यांना."

तो दारापर्यंत गेला. रस्त्यावर लोक ओळीने पोती पुढे देत होते. त्याला पाहून कोणीतरी हाक मारली, "लोवेल, आवर, पासष्टचा बाप येतोय!" तो गेला आणि त्याने सरळ पोतं उचललं. त्या दिवशी त्याने दोन माणसांचं काम केलं. चोराच्या मनात चांदणं असलं की माणूस भलताच कामसू होतो.

पाणी आलं. अंदाज साफ चुकला होता. पासष्टपेक्षा दीड फूट जास्त आलं. बांधाच्या टोकाखाली सहा इंचांवर थांबलं, दोन दिवस तसंच राहिलं आणि उतरलं. खऱ्या उंचीला थांबलो असतो तर माझी केकची कपाटं पुढच्या राज्यात सापडली असती.

रविवारी चर्चच्या तळघरात जेवण होतं. हॅम, मलईतले बटाटे, आत गाजर किसलेली हिरवी जेली. पाद्रीबाबांनी देवाचे आभार मानले, इंजिनियरने फळीचे. लोक टाळ्या वाजवू लागले तसा लोवेल उठला. मी ताटात पाहिलं.

"पासष्टला पाणी तिथवर नव्हतं," तो म्हणाला. "मी फळी वर सरकवली. दोनदा. मांजरही नव्हतं."

मग अर्डिस म्हणाली, "ठाऊक आहे रे आम्हाला. बस. बटाटे घे."

"ठाऊक आहे? कधीपासून?"

"बहात्तरपासून. पुरानंतर तुझ्या दुकानातला चिखल कोणी खरवडला होता? मीच ना?"

नाक्यावरचा एक म्हातारा म्हणाला, त्यालाही माहीत होतं. मग दुसरा. मग एकेक करून अर्धं तळघर. प्रत्येकाला वाटत होतं आपल्या एकट्यालाच माहीत आहे. एका नवराबायकोने तर तीस वर्षं एकमेकांनासुद्धा सांगितलं नव्हतं.

"मग पोती का रचलीत?" लोवेलचा आवाज चिरकला.

"तुझ्या तोंडावर कसं म्हणायचं?" अर्डिस म्हणाली. "पाहुण्या माणसासमोर?"

तो खाली बसला. मला त्याची फार दया आली. लोकांनी शिव्या घातल्या असत्या तर तो निभावून गेला असता. पण इतकी वर्षं आपण गावाला फसवतोय असं तो समजत होता, आणि गावच त्याला सांभाळून घेत होतं. त्याने बटाटे घेतले, खाल्ले मात्र नाहीत.

सोमवारी सकाळी त्याने फळी खाली उतरवून खऱ्या जागी ठोकली, आणि तिच्या वर दीड फुटावर, भिंतीवर, नव्या पुराची रेघ मारली. बुधवारी दुकान उघडलं तर फळी परत छातीशी, नव्या पुराच्याही वर. नवे स्क्रू, वर रंगाचा हात. कोणी केलं? मी कशाला सांगू? स्क्रू माझ्या नवऱ्याचे होते, एवढं खरं.

त्याच दुपारी एक फिरता विक्रेता केस कापायला आला. मी कॉफी घेऊन गेले होते. बाकावर तिघे वर्तमानपत्रं उघडून बसलेले.

"पासष्टला पाणी तिथवर आलं होतं?" विक्रेत्याने विचारलं.

लोवेलने आरशातून बाकाकडे पाहिलं. एकही वर्तमानपत्र खाली आलं नाही.

"फळीवर लिहिलंय," तो पुटपुटला.

"असं नाही, लोवेल," एका वर्तमानपत्रामागून आवाज आला. "नीट दाखव ना. मांजरासकट."

लोवेलने कात्री खाली ठेवली, स्टूल ओढलं आणि गुडघा धरत धरत वर चढला.