निरंक

शाळा, पोलीस अन् हिंगोलीचं लेकरांचं हापीस, या तिघांनी मिळून पोरं बिघडू द्यायची न्हाईत असं ठरवलं, तेव्हा आमच्या शाळेच्या भिंतीवर बॅनर लागला. एकमेकांत घातलेले तीन हात. मी चौथी शिकलेला, पण तो बॅनर पुरा वाचला. कारण पुढं एक दिवस मला त्याच्याखाली तासभर उभं ठेवलं होतं. खुर्च्या साहेबांसाठी होत्या.

झालं असं की शेजारच्या शेतातल्या आखाड्यावर वाळू घातलेली हळद, दोन पोती, अकराच्या सुमाराला दिवसाढवळ्या गेली. मोटरसायकलवाली दोन पोरं सापडली. त्यांनी तिसरं नाव सांगितलं माझ्या नातवाचं. आठवीतलं लेकरू. लेक-सून पुण्याकडं कामाला, म्हणून हे लहानपणापासून आमच्याजवळ. आमच्याजवळ म्हंजे हिच्याजवळ.

ही होती तोवर त्याला रोज शाळेच्या फाटकापर्यंत पोचवायची. एवढं मोठं पोरगं, बाकीची पोरं हसायची. "आजे, जाय ना घरी," तो चिडायचा. "तू आत जाय, मंग जाते," ही म्हणायची. दुपारी खिचडीच्या टायमाला आणखी एक चक्कर. मी म्हणायचो, तुला काय नोकरी लागली का शाळंत?

पौषात ती गेली. तेराव्यानंतर मी बाजेवर पडलो तो पडलोच. पोरगं दप्तर घेऊन निघायचं, मला वाटायचं शाळंत चाललं. इचारलं न्हाई. चोरीत नाव आलं तेव्हा पहिल्यांदा त्याचं दप्तर उघडलं. वहीवर शेवटची तारीख होती ती तेराव्याच्या आठवड्यातली. त्यापुढं कोरी पानं. दीड महिन्याची.

ती वही पिशवीत घालून मी शाळंत गेलो. काढावी का न्हाई, ठरत नव्हतं. काढली तर पोरगं हिंगोलीला बाल न्याय मंडळापुढं उभं राहणार.

खुर्च्यांवर मुख्याध्यापक, जमादार अन् हिंगोलीच्या हापिसातली बाई. नातू माझ्या बाजूला उभा. जमादारानं इचारलं, "बोला सर, त्या दिवशी हा शाळेत होता का?"

मुख्याध्यापकानं मस्टर उघडलं. "हजर. महिनाभर हजर. एक दांडी न्हाई."

बाईनं फायलीत बोट घातलं. "बरोबर. शाळेला न येणाऱ्या मुलांचा कागद दर महिन्याला माझ्याकडे येतो. या शाळेचा निरंक आहे."

"निरंक म्हंजे काय, बाई?"

"म्हणजे असा एकही मुलगा नाही, आजोबा."

"बाईंच्या हापिसातून आमच्याकडं कागद येतो, तो बी निरंक," जमादार म्हणला. "मंग मिटलं की! शाळेत असलेलं पोरगं हळद कशी नेईल?"

तिघांचे निरंक जुळले अन् चहा आला. पोरगं त्या दिवशी शाळेत होतं असा कागद मुख्याध्यापकानं माझ्यापुढं सरकवला, वर शाईचं पॅड. "बाबा, अंगठा करा, सुटलात."

"मला सही येते," मी म्हणलो. अन् नातवाकडं पाहिलं. त्याची नजर मस्टरवर होती, अन् तो हसून राहिला होता. बारीकसं. पोलिसाची मला भीती वाटली न्हाई, त्या हसण्याची वाटली. मी वही काढून मस्टरवर आपटली. चहा सांडला.

"हे पाहा. दीड महिना हा शाळंत न्हाई."

मुख्याध्यापकाचं तोंड उतरलं. "बाबा, नातू तुमचा का माझा? काहून अडकवून राहिले त्याला?"

"तुमी त्याला मस्टरात बसवलं, अन् हा बसला होता हळदीत."

"बायको गेल्यापासून म्हातारा येडा झाला," जमादार बाईला म्हणला.

"व्हय, झालो येडा, म्हणून तर माझं ध्यान न्हाई राहिलं. तुमी तिघं शहाणे होते ना? तुमच्यातलं एक तरी काहून आलं न्हाई माझ्या दारी? माझ्या बायकोला सही येत नव्हती, पण ती रोज दोन चकरा मारायची."

मी नातवाला म्हणलो, "सांग."

"पोतं मी धरलं होतं," तो म्हणला. रडला न्हाई. माझ्याकडं पाहिलं ते असं, की मी त्याचा कुणीच न्हाई.

बाईनं पेन काढलं अन् तिच्या कागदावरचं निरंक खोडलं. एवढं एक काम त्या दिवशी झालं.

हिंगोलीच्या दोन चकरा झाल्या. मंडळानं समज देऊन सोडलं अन् रोज शाळेत जायची अट घातली. मस्टरचं काय झालं, मला कुणी सांगितलं न्हाई. मुख्याध्यापक तोच, बॅनर बी तोच. नातू माझ्याशी बोलत न्हाई. रोज मी त्याला फाटकापर्यंत सोडायला जातो, तर तो दहा पावलं पुढं चालतो. लोकांना वाटावं, हा म्हातारा कुणा दुसऱ्याचा.

दुपारी मी परत जातो. मुख्याध्यापक कपाळाला आठ्या घालतो. "बाबा, रोज काहून येता? हजेरी आमी घेतोच की."

"ठाऊक हाय," मी म्हणतो, अन् खिडकीतून नातवाचा बाक पाहतो.